आर्किटेक्चर शिकून आर्किटेक्टच्या ऑफिसात बसायचं नसेल तर

प्रश्न लांबलचक होता, म्हणून त्यातला गाभा आधी देते. विचारणारी मुलगी २०२१ साली मुंबईतून बी.आर्क. झालेली. तीन वर्षं अंधेरीच्या एका ऑफिसात काढली. पगार सव्वीस हजार, आणि विक्रोळीला कन्नमवार नगरात घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ. काम काय, तर टॉयलेट डिटेल, जिन्याचे डिटेल आणि दुसऱ्यांनी केलेल्या डिझाइनची सबमिशन ड्रॉइंग. आई म्हणते, इंजिनीअरिंग घेतलं असतंस तर बरं झालं असतं. त्यात त्यांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, त्यामुळे घरी आल्यावरही विषय तोच. विचारलंय ते असं: यूएक्सचा, म्हणजे ॲप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करणाऱ्या डिझाइनचा, सहा महिन्यांचा कोर्स करून बाहेर पडू का, या डिग्रीवर दुसरं काय करता येतं, आणि पाच वर्षं वाया गेली का.

माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीवर येते, चालवून घे.

आधी टॉयलेट डिटेलबद्दल. सहा बाय चारच्या त्या खोलीत किती गोष्टी एकमेकींच्या पायात येतात हे तुला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. नहाणी ट्रॅप कुठे, उतार कोणीकडे, स्लॅब किती खाली घ्यायचा, टाइल कुठून सुरू केली म्हणजे कापलेला तुकडा दारामागे जाईल, दार आत उघडलं तर बेसिनवर आपटेल का, डक्टमध्ये प्लंबरचा हात शिरेल का. मुंबईत शेजाऱ्या-शेजाऱ्यांची निम्मी भांडणं वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून खाली झिरपतात, कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार. गळती नेमकी कुठून आहे हे सांगणाऱ्याला लोक पैसे मोजतात, आणि तो सांगणारा बहुतेक वेळा तुझ्याइतकंही ड्रॉइंग वाचू शकत नाही. त्यामुळे 'टॉयलेट डिटेल एवढंच केलं' असं कुणाला सांगू नकोस. मुलाखतीत तर मुळीच नको.

आता माझं थोडं. मी १९९८ला पास झाले. कॉलेजात रोटरिंग पेनांनी बोटं काळी केली आणि ऑफिसात पाय ठेवला तर तिथे संगणकावर ड्रॉइंग काढायची ऑटोकॅडची आर-१४ येऊन बसलेली. फोर्टमधल्या दोन ऑफिसांत मिळून सहा वर्षं काढली. दुसऱ्या ऑफिसानं माझे शेवटचे तीन पगार आजतागायत दिलेले नाहीत. मग ठाण्यात एका बिल्डरच्या साइट ऑफिसात गेले, तिथून सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटच्या सल्लागारीत, आणि २०१८नंतर त्याच्या जोडीला व्हॅल्युएशन, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवण्याचं काम. गेल्या वीस वर्षांत मी एकही इमारत डिझाइन केलेली नाही. तरीही एक दिवस असा जात नाही की प्लॅन आणि टेप हातात आले नाहीत. सांगायचा मुद्दा हा की 'आर्किटेक्चर सोडायचं' म्हणजे नेमकं काय सोडायचं, ते आधी ठरव. बॉस सोडायचाय, डिझाइन सोडायचंय, की इमारतींशीच काडीमोड घ्यायचाय? तुझं पत्र दोनदा वाचलं. मला तरी त्यात इमारतींचा कंटाळा कुठे दिसला नाही. बॉसचा आणि रात्रीच्या लोकलचा दिसला.

या डिग्रीतून दोन गोष्टी हाताला लागतात असं मी समजते: माप आणि सही. माप म्हणजे कागदावरची रेघ पाहिली की तिथे भिंत किती जाड, माणूस कुठून वळणार, कपाटाचं दार कुठे अडणार हे डोळ्यांपुढे येणं. पाच वर्षं ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडताना, शिव्या खाऊन ते येतं, आणि दुसऱ्या कुठल्या डिग्रीला इतकं येत नाही. सही म्हणजे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन. कुठलाही पर्याय समोर आला की मी एवढंच बघते: यात माप कामाला येतं का, आणि सही कामाला येते का. दोन्ही येत असतील तर तू आठ वर्षांच्या पुंजीवर पुढे जाणार. दोन्ही येत नसतील तर बावीस वर्षांच्या पोरांबरोबर शून्यापासून रांगेत उभी राहणार. तसं राहायला हरकत काहीच नाही, फक्त माहीत असावं.

सहीचं जरा नीट सांगते, कारण तुमच्या वयाची मुलं तिला फार हलक्यात घेतात. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२चा. २०२० साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हा कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, डिझाइनचं काम राखून ठेवत नाही. म्हणजे डिझाइन इतरांनी केलं तर कायदा आड येत नाही, पण रजिस्ट्रेशन नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. आमच्यातले बरेच जण खट्टू झाले तेव्हा. मी म्हटलं, डिझाइनच्या बाजारात गर्दी होणारच, तर जिथे आपलीच सही मागतात तिथे आपण का जाऊ नये? आणि अशा जागा मुंबईत वाढतच चालल्या आहेत.

उदाहरणार्थ रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठी बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा. २०१७च्या मे महिन्यात महारेरा सुरू झालं. फ्लॅटधारकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम पुढे सरकेल तसे काढायचे, असा नियम. काढताना तीन दाखले लागतात: आर्किटेक्टचा, इंजिनीअरचा आणि सीएचा. पहिला आर्किटेक्टचा, 'फॉर्म १'. खोदकाम किती टक्के, प्लिंथ (जोतं) किती, स्लॅब किती, आतलं प्लास्टर किती, असं इमारतवार लिहून सही करायची. बिल्डरच्या ऑफिसात हे सगळं सांभाळणाऱ्या टीममध्ये नोकऱ्या आहेत आणि ड्रॉइंग वाचता येणारी माणसं तिथे कमी पडतात. काम रुक्ष आहे, ते लपवत नाही. पण संध्याकाळी साडेसहाला बॅग उचलता येते. मात्र डोळे मिटून टक्केवारी लिहायची नाही. साइटवर जाऊन स्लॅब मोजल्याशिवाय सही केलीस तर उद्या तुझं नाव कुठल्या तक्रारीत येईल सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त काम सध्या कुठे असेल तर रिडेव्हलपमेंटमध्ये. शहरात मोकळी जमीन उरली नाही, साठ-सत्तरच्या दशकातल्या सोसायट्या मोडकळीला आल्या, आणि २०१८ला डीसीपीआर २०३४ ही मुंबईची बांधकाम नियमावली लागू झाल्यावर गणितं बदलली. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खाली सरकारनं आधी २००९मध्ये आणि मग ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानं पूर्ण पद्धत घालून दिली: सोसायटीनं आर्किटेक्ट किंवा इंजिनीअर अशा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक करायची, त्यानं फिजिबिलिटी रिपोर्ट द्यायचा, टेंडर काढायचं, सभा घ्यायची, ५१ टक्के सभासदांची संमती हवी. या सल्लागाराला सगळे 'पीएमसी' म्हणतात. बिल्डरच्या बाजूला वकील, सीए, आर्किटेक्ट सगळा फौजफाटा. सोसायटीच्या बाजूला रिटायर्ड बँक मॅनेजर आणि एक पीएमसी.

एक सभा सांगते. मुलुंडची सोसायटी, शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी. बिल्डरनं ३५ टक्के जास्त कारपेट कबूल केलेलं, पडद्यावर चकचकीत थ्री-डी, लोक खूश. मागच्या बाकावरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "टक्के राहू द्या, माझं शिसवी कपाट कुठे मावेल ते सांगा." सगळे हसले. मी त्यांच्या आत्ताच्या घराचा प्लॅन घेतला, नव्या फ्लॅटचा त्याच स्केलला ट्रेसिंगवर काढून आणलेला होता तो वर ठेवला, आणि कागद खिडकीच्या काचेवर धरला. वाढलेली जागा गेली होती पॅसेजमध्ये, दुसऱ्या टॉयलेटमध्ये आणि एका डेकमध्ये. हॉल जुना दहा फूट रुंद, नवा नऊ फूट दोन इंच. कपाट मावत नव्हतंच, पण जेवणाचं टेबल टाकलं तर स्वयंपाकघरात आडवं होऊन जावं लागलं असतं. पाच मिनिटं सभागृहात शांतता होती, मग असा गलका झाला की अध्यक्षांना घंटी वाजवावी लागली. तो प्लॅन बिल्डरला बदलावा लागला. वकिलानं करार शब्दन् शब्द वाचला होता, सीएनं कॉर्पस फंडाचा हिशोब चोख केला होता, पण तो दहा इंचांनी अरुंद झालेला हॉल त्या दोघांना दिसण्यासारखा नव्हता. गं, तो दिसणं हीच आपली डिग्री.

यात वाईट काय ते पण ऐक. सभा रविवारी आणि रात्री नऊनंतर. सभासद व्हॉट्सॲपवर तुझ्या सात पिढ्या काढतील. 'बिल्डरनं पीएमसीला मॅनेज केलंय' हे वाक्य तू कितीही सरळ वागलीस तरी एकदा तरी ऐकावं लागेल. आणि कुणीतरी खरोखरच पाकीट पुढे करेल. त्या वेळी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. सुरुवात एखाद्या पीएमसी फर्ममध्ये ज्युनिअर म्हणून कर, दोन वर्षांत डीसीपीआर पाठ होते. पुस्तक उघडून वाचायला बस आणि ३३(५), ३३(७), ३३(७)(ब), ३३(९), ३३(१०) हे पाच नियम नीट समजून घे: म्हाडा वसाहती, उपकरप्राप्त चाळी, साध्या सोसायट्या, क्लस्टर आणि झोपडपट्टी पुनर्वसन. मुंबईतला रिडेव्हलपमेंटचा मोठा पैसा या पाच वाटांनीच फिरतो. मुंबईबाहेर, म्हणजे ठाणे-कल्याणला, २०२०ची यूडीसीपीआर ही वेगळी नियमावली लागते. इथले आकडे तिकडे ठोकून देणारे सल्लागार मी पाहिलेत, तू तसं करू नकोस.

आता व्हॅल्युएशन. हे कुठल्याच कॉलेजात कुणी ज्यूरीत बोलत नाही, कारण त्यात 'कॉन्सेप्ट' नसतो. कंपनी कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे जमीन आणि इमारत या वर्गात रजिस्टर्ड व्हॅल्युअर होता येतं. त्यासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो; पदव्युत्तर केलं असेल तर तीन. एखाद्या व्हॅल्युअर संघटनेचं सभासद व्हायचं, पन्नास तासांचा अभ्यासक्रम करायचा, मग आयबीबीआय या केंद्रीय मंडळाची संगणकावरची परीक्षा. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव हिस्सा कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकायचं नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी बसले. मुलाची सहावीची परीक्षा आणि माझी एकाच आठवड्यात होती, घरात दोघंही एकमेकांना अभ्यासाला बसवत होतो. तुझी अजून दोन वर्षं बाकी आहेत, तोवर एखाद्या व्हॅल्युअरकडे साइट व्हिजिट करायला लाग.

काम कसं असतं? बँकेकडून फाइल येते. दादरचा फ्लॅट, मालक म्हणतात सातशे फूट. जाऊन लेसर लावला की भिंतीपासून भिंतीपर्यंत पाचशे तीस-पस्तीस निघतात. मग मंजूर प्लॅन काढायचा. प्लॅनमध्ये हॉलच्या बाहेर बाल्कनी आणि तिच्यापुढे फ्लॉवर बेड, प्रत्यक्षात दोन्ही आत घेऊन स्लायडिंग खिडकी. २०१२पूर्वी मुंबईत फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मिळणाऱ्या बांधकामाच्या मोजणीत, धरत नसत, त्यामुळे त्या काळातल्या इमारतींमध्ये फुलझाडांच्या नावावर किती दिवाणखाने वाढलेत, विचारू नकोस. आता यातलं किती मोजायचं, किती नाही, कुठल्या मजल्याला काय भाव, शेजारी गेल्या वर्षी काय भावानं गेला, रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, काय म्हणतं, हे सगळं लिहून खाली सही. मागे काकू चहा घेऊन उभ्या असतात, "तेवढं जरा वाढवून लिहा ना, मुलाचं कर्ज बसत नाहीये." चहा घ्यावा. आकडा वाढवू नये. या धंद्यात माणूस एकदाच बुडतो.

वय वाढेल तसा या कामात तुझा भाव वाढतो, आणि डिझाइन ऑफिसात चाळिशीनंतर ड्राफ्टिंग करणाऱ्याचं काय होतं ते तू बघतच असशील.

सही लागत नाही पण माप पुरेपूर लागतं असा मोठा रस्ता म्हणजे बिम (बीआयएम), इमारतीचं संगणकावर पूर्ण मॉडेल बनवणं. त्याचं सॉफ्टवेअर रेव्हिट तुला थोडंफार येत असेलच. मुंबई-पुण्यात बसून अमेरिकेतल्या, ब्रिटनमधल्या, आखाती देशांतल्या प्रकल्पांची मॉडेलं बनवणारी ऑफिसं बरीच आहेत. पगार डिझाइन ऑफिसपेक्षा चांगला मिळतो, शिफ्ट मात्र परदेशाच्या घड्याळाप्रमाणे वाकडी असू शकते. लोक रेव्हिटला ड्राफ्टिंगचं पुढचं रूप समजतात, तिथेच फसतात. कमांड कुणालाही शिकता येतात. एसीचा डक्ट बीममधून आरपार चाललाय आणि सॉफ्टवेअरनं चार हजार ठिकाणी लाल दाखवलंय, त्यातले साडेतीन हजार नुसते गोंधळ आहेत आणि बाकीच्यांत तीस जीवघेणे आहेत, हे ओळखायला इमारत डोक्यात असावी लागते. डक्ट खाली घेतला तर फॉल्स सीलिंग किती उतरेल आणि दाराच्या वर किती जागा उरेल? हा प्रश्न ज्याला आपणहून पडतो तो दोन-तीन वर्षांत कोऑर्डिनेटर होतो. ज्याला पडत नाही तो मॉडेलरच राहतो, आणि मॉडेलरचं काम आता यंत्रंही शिकायला लागली आहेत. थ्री-डी व्ह्यू काढून देणाऱ्यांचं तर आत्ताच अवघड झालंय. पूर्वी एका व्ह्यूला दोन दिवस आणि चांगले पैसे मिळत, आता क्लायंट स्वतः फोनवर चित्र बनवून आणतो आणि 'अस्संच हवं' म्हणतो. त्या चित्रात जिना भिंतीत घुसलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

बिल्डरच्या ऑफिसात 'डिझाइन मॅनेजर' किंवा कोऑर्डिनेशनची नोकरी हा सरळसोट पर्याय आहे आणि मी त्याला कमी लेखणार नाही. ठाण्याच्या साइट ऑफिसात मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात नव्हते शिकले. तिथल्या मुकादमानं पहिल्याच दिवशी माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही खिडकी बसवायची कुठून? परांची तर आधी सुटणार." मी त्याच्याकडे बघतच राहिले. पुढची चार वर्षं कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की मला आधी परांची दिसायची. बीओक्यू (कामाच्या परिमाणांची यादी), रेट ॲनालिसिस, स्नॅग लिस्ट (राहिलेल्या दोषांची यादी), कंत्राटदाराचं बिल तपासणं हे ज्याला येतं त्याची नोकरी सहसा जात नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे जायचं असेल तर निकमारसारख्या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांचे अभ्यासक्रम आहेत, पण दोन वर्षं साइटवर धूळ खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस, पैसे फुकट जातील.

सरकारी नोकरी. आईला हे आवडेल. एमपीएससीतून सहायक नगररचनाकाराच्या जागा निघतात, त्याला आर्किटेक्चरची पदवी चालते. सिडको, एमएमआरडीए, म्हाडा, सार्वजनिक बांधकाम विभागातही आर्किटेक्ट आणि प्लॅनर लागतात. जाहिराती नेमानं येत नाहीत, निकाल वेळेवर लागत नाहीत, त्यामुळे नोकरी सोडून फक्त अभ्यास करायला बसू नकोस. प्लॅनिंगची खरी आवड असेल तर मास्टर्स कर आणि मग परीक्षा दे.

कॉन्झर्वेशनबद्दल, म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनाबद्दल, मुली फार विचारतात. मुंबईत त्याला काम आहे यात शंका नाही: १९९५पासून वारसा नियमावली आहे, सीएसएमटी २००४ला युनेस्कोच्या यादीत गेलं, ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ला गेल्या. चुन्यात काय मिसळायचं, मलाडचा दगड कसा झिजतो, सागाच्या तुळईचं टोक भिंतीत कुजलंय हे टकटक करून कसं ओळखायचं, असलं ज्ञान हातांनी मिळवावं लागतं आणि ते फार सुंदर आहे. पैसा हळू येतो. घरात दुसरा पगार असेल तर डोळे झाकून जा, नसेल तर उघडे ठेवून जा.

सिनेमाचा आर्ट डिपार्टमेंट. गोरेगावची चित्रनगरी तुझ्या ऑफिसापासून फार लांब नाही, आणि ओटीटी आल्यापासून सेट लावणाऱ्यांना उसंत नसते. आर्किटेक्चर शिकलेली मुलं तिथे चटकन रुळतात, कारण प्लॅन-सेक्शन काढून सुताराच्या हातात देता येतो आणि कॅमेरा कुठे लावला तर काय दिसेल हे कळतं. पण दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतात. एक, सहा दिवस खपून उभारलेला वाडा सातव्या दिवशी मोडतात. प्लायचा, पीओपीचा, मागून बांबूचे टेकू लावलेला. आपल्याला कॉलेजात इमारत शंभर वर्षं टिकावी असं शिकवलेलं असतं, तिथे शूटिंग संपेपर्यंत टिकली की बास. माझी एक ज्युनिअर पहिल्या सेटच्या वेळी जिन्याची रायझर-ट्रेड, म्हणजे पायरीची उंची-रुंदी, नीट बसवत बसली होती. दिग्दर्शकाला त्या जिन्याच्या फक्त पहिल्या तीन पायऱ्या दिसणार होत्या. दुसरं, पैसे तीन-तीन महिने अडकतात. आज ती स्वतंत्र काम घेते, पण पहिली दोन वर्षं वडिलांच्या पेन्शनवर होती, हे तीच सांगते. आता सिनेमाचा विषय निघालाच आहे तर, रितेश देशमुखही आर्किटेक्टच, जुहूच्या कमला रहेजा कॉलेजातून शिकलेला. पण तो रस्ता मी कुणाला सुचवत नाही.

राहिलं यूएक्स. तुझा मूळ प्रश्न तोच होता आणि मी मुद्दाम शेवटी ठेवला. ऑफिसच्या ग्रुपवर 'आर्किटेक्ट्स फॉर यूएक्स' अशा जाहिराती फिरत असतात, सहा महिने, प्लेसमेंटची हमी. माप इथे वापरात येत नाही, सहीचा तर संबंधच नाही. वापरात येतं ते तिसरंच, माणूस जागेतून कसा चालतो हे निरखण्याची सवय. ती तुला आहे का ते आधी तपासून बघ, कोर्सची फी भरण्याआधी. दादर स्टेशनवर सकाळी अर्धा तास तिकिटाच्या मशीनजवळ उभी राहा. किती जण पहिल्या स्क्रीनवरच अडतात, कोण मागच्याला पुढे जाऊ देतं, कोण मशीन सोडून खिडकीच्या रांगेत जातं, वहीत लिहून काढ. मग तो पडदा तू कसा मांडला असतास ते कागदावर काढ आणि दुसऱ्या दिवशी चार अनोळखी माणसांना दाखव. यात मजा आली आणि घड्याळाकडे लक्ष गेलं नाही तर हे काम तुझं. मग सहा महिन्यांच्या क्लासऐवजी सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत किंवा तशाच ठिकाणी एम.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सचा, प्रयत्न कर. मात्र 'इथे पगार जास्त' एवढ्याच कारणानं जाणार असशील तर थांब. भरतीची ती लाट ओसरली आहे, आणि थ्री-डी व्ह्यूंनी भरलेला पोर्टफोलिओ तिथे कुणी उघडून बघत नाही.

नोकरी सोडण्याबद्दल काही बारीकसारीक. दुसरं ठरल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. अनुभवाचं पत्र घे, त्यात तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घे, कारण व्हॅल्युअरच्या अर्जाला तो अनुभव दाखवावा लागतो आणि पाच वर्षांनी जुना बॉस फोन उचलत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. ऑफिसची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर उतरवून नेऊ नकोस. काय वापरलं तर चालेल ते विचारून घे. आणि काहीही झालं, अगदी गेमिंगमध्ये गेलीस किंवा बेकरी काढलीस तरी, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण चुकवू नकोस. माझ्या बॅचमधल्या एकीनं 'आता कशाला लागतंय' म्हणून सोडून दिलं. दहा वर्षांनी तिला रेराचं काम चालून आलं तेव्हा सही माझ्याकडे मागायला आली.

पाच वर्षं वाया गेली का, याचं उत्तर तुझ्याच बिल्डिंगमध्ये आहे. कन्नमवार नगर म्हणजे म्हाडाची वसाहत, तेव्हा तुम्हाला ३३(५) लागणार. जमीन म्हाडाची, म्हणून ऑफर लेटरही म्हाडाचं. पुढच्या सभेआधी सेक्रेटरीकडून बिल्डरनं दिलेला टिपिकल फ्लोअर प्लॅन माग, पीडीएफ नको, स्केलची प्रिंट माग. घरी टेप लावून आपलं आत्ताचं घर मोजून काढ, त्याच स्केलला ट्रेसिंगवर उतरव आणि वर ठेव. हॉलची रुंदी, स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी आणि बाथरूमचं दार कुठे उघडतं, एवढ्या तीनच जागा बघ. आईला विचार ओट्यावर काय काय मांडते, आणि ते नव्या ओट्यावर मावतं का ते तिच्यासमोर स्केल लावून मोज. मग सभेला दोघी जा.